पवनचक्क्यांच्या मुलखात: पाणी, बांध आणि सामायिक जबाबदारी

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर विमान उतरते, तेव्हा आपण एका सरोवराच्या तळाशी उतरत आहोत याची कल्पना प्रवाशाला नसते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन प्रचंड पंपांनी हार्लेमरमेर नावाचे विस्तीर्ण सरोवर उपसून कोरडे करण्यात आले. त्याच तळावर, समुद्रपातळीच्या सुमारे चार मीटर खाली, आज हा विमानतळ उभा आहे. त्या तीन पंपांपैकी एकाला ‘लेघवाटर’ असे नाव दिले होते. ते सतराव्या शतकातील एका पवनचक्की बांधणाऱ्या कारागिराचे आडनाव असून त्याचा शब्दशः अर्थ ‘रिकामे पाणी’ असा होतो. त्या कारागिराचे गाव आणि त्याने उपसलेली भूमी आम्ही एका दिवसात पाहिली. त्या दिवसाचे हे टिपण आपल्या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत. त्यात प्रवासवर्णनापेक्षा अभ्यासाचा भाग अधिक आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

नेदरलँड्सला जाणारा पर्यटक पवनचक्की पाहिल्याशिवाय परतत नाही. बहुतेक जण मोठ्या बसमधून जातात, तासभर थांबतात, छायाचित्रे काढतात, चीजची चव घेतात आणि संध्याकाळपर्यंत ॲमस्टरडॅमला परततात. आम्ही चौघांनी मिळून एक स्थानिक मार्गदर्शक त्यांच्या छोट्या गाडीसह दिवसभरासाठी ठरविले. खर्च बसच्या तिकिटापेक्षा बराच अधिक झाला. परंतु गाडी कुठे थांबावी हे आमच्या हातात राहिले, आणि अभ्यासूला एवढी सवलत पुरेशी असते. काय पाहायचे आहे, असे त्यांनी विचारले. “पाणी कुठून उचलले जाते आणि कुठे टाकले जाते, ते दाखवा,” असे आम्ही म्हणालो. ते हसले आणि त्यांनी ठरविलेला क्रम बदलला.

‘पवनचक्की’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. चक्की म्हटले की डोळ्यांसमोर जाते आणि पीठ येते. अलीकडे साताऱ्याच्या पठारावरचे वीज निर्माण करणारे उंच पांढरे खांब येतात. हॉलंडच्या सपाट शेतांमधून उभ्या असलेल्या अनेक चक्क्या मात्र काहीच दळत नाहीत. त्या पाणी उपसतात. आपल्याकडचा शब्द योजायचा तर त्यांना वाऱ्यावर चालणारे रहाट म्हणावे लागेल. फरक इतकाच की आपला रहाट तहानलेल्या शेताला पाणी देतो आणि त्यांचा रहाट बुडणाऱ्या शेतातून पाणी काढतो.

पहिला थांबा झान नदीकाठच्या झान्स स्खान्स या वसाहतीत झाला. तेथील बहुतेक हिरवी लाकडी घरे आणि अनेक चक्क्या मूळच्या त्या जागेवरच्या नाहीत. १९६० च्या दशकापासून आसपासच्या गावांतून त्या उचलून आणून येथे मांडल्या आहेत. हे कळल्यावर आमच्यापैकी एकाचा थोडा हिरमोड झाला. पण चक्क्या खऱ्याच आहेत, आणि येथे त्या खरोखर दळतात, पिळतात, कापतात. एकीत तेलबियांचे तेल निघते. ‘डे कॅट’ म्हणजे मांजर हे नाव असलेल्या चक्कीत चित्रकारांसाठी रंगद्रव्ये आजही दगडी जात्याखाली भरडली जातात. लाकूड कापणाऱ्या चक्कीपाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या माणसाने १५९३ मध्ये अशा चक्कीचा हक्क मिळविला. भुजांची गोल फिरती गती एका वाकड्या दांड्याने वर-खाली जाणाऱ्या करवतीच्या गतीत बदलणे, एवढीच ती युक्ती. पण माणसांना हातकरवतीने अनेक दिवस लागणारे काम त्यामुळे काही तासांत होऊ लागले. ॲमस्टरडॅमच्या हातकरवतीवाल्यांच्या संघाने तिला विरोध केला, तेव्हा हा धंदा शहराबाहेर झान नदीच्या काठी वाढला. ऐन भरात या परिसरात सहाशेच्या आसपास चक्क्या होत्या. त्यांनी कापलेल्या फळ्यांची जहाजे झाली आणि ती जहाजे दूरच्या समुद्रांवर गेली. हा धागा पुढे येणार आहे.

झान्स स्खान्स सोडल्यावर रस्ता कुरणांतून जातो. या भागातील जमीन पीटची, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे कुजत साचलेल्या वनस्पतींची, काळी आणि स्पंजासारखी. तिच्यात पाणी भरलेले असेपर्यंत ती फुगलेली राहते. मध्ययुगात शेतकऱ्यांनी शेतीसाठी चर खणून तिच्यातील पाणी काढले. पाणी गेले तशी हवा आत शिरली, हवेने पीट कुजू लागले आणि जमीन खाली बसू लागली. ती खाली बसली म्हणून आणखी खोल चर खणले; मग ती आणखी बसली. असे होत होत, एके काळी समुद्रापेक्षा उंच असलेली भूमी समुद्रापेक्षा खाली गेली. चरांतून आपोआप वाहून जाणारे पाणी वाहीनासे झाले आणि पंधराव्या शतकापासून ते उपसण्यासाठी चक्की आणावी लागली. हॉलंडच्या माणसाने समुद्राशी झुंज दिली, असे गौरवाने सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण त्या झुंजीची निम्मी गरज त्यांच्याच शेतीने निर्माण केली होती, हे क्वचितच सांगितले जाते. ही जमीन आजही खचतेच आहे. पाण्याची पातळी वाढवून पीट वाचवावे, की ती खाली ठेवून गाईंसाठी कुरण कोरडे ठेवावे, यावरून शेतकरी आणि इतर रहिवासी यांच्यात वाद चालू आहेत. २००३ च्या कोरड्या उन्हाळ्यात तर विल्निस या गावी पीटचा बांध वाळून हलका झाला आणि जागचा सरकून फुटला. पाणी अंगावर येण्याचे कारण पाण्याचा अभाव हे होते!

पुढे गाडी एका बांधावर चढली आणि मार्गदर्शकांनी ती थांबविली. डाव्या हाताला कालवा होता, त्यात होडी चालली होती. उजव्या हाताला खाली, होडीच्या तळापेक्षाही खोल, गाई चरत होत्या. घरांची छपरे जवळजवळ आमच्या पायांच्या पातळीवर होती. नकाशात समुद्रपातळीखालची जमीन रंगाने दाखवलेली आम्ही अनेकदा पाहिली होती. तिचा अर्थ त्या बांधावर उभे राहिल्यावर कळला. हा बेम्स्टर पोल्डर. पोल्डर म्हणजे बांधांनी वेढलेली आणि आतील पाणी सतत उपसून शेतीखाली आणलेली जमीन.

बेम्स्टर हे १६०७ पर्यंत सरोवर होते. ते कोरडे करण्याची रीत समजायला सोपी आणि करायला अवघड. प्रथम सरोवराभोवती गोलाकार कालवा खणायचा. त्यातून निघालेल्या मातीचा आतल्या बाजूला बांध घालायचा. मग बांधावर चक्क्या उभारून सरोवरातील पाणी कालव्यात टाकत राहायचे. कालवा ते पुढे समुद्राकडे नेतो. १६१० मध्ये वादळाने बाहेरचा बांध फोडला आणि उपसत आणलेले सरोवर पुन्हा भरले. काम पुन्हा हाती घेतले गेले. चाळीसहून अधिक चक्क्या लागल्या आणि १६१२ मध्ये सात हजारांहून अधिक हेक्टर जमीन वर आली. या कामात यान आद्रियान्सझोन लेघवाटर यांचा हात होता. पुढच्या पिढ्यांनी सगळे श्रेय त्यांच्याच पदरात घातले. ते चक्क्या बांधणारे कसबी कारागीर होते, एवढे निश्चित. नव्या भूमीवर रस्ते आणि पाट काटकोनात आखले. शेते सारख्या लांबी-रुंदीची, झाडांच्या रांगा सरळ. बुद्धिबळाचा पट अंथरावा तशी सारी भूमी दिसते. १९९९ मध्ये तिची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

पैसा कोणाचा, हे आम्ही विचारले. उत्तर सरळ होते: १२३ भागीदारांचा, आणि त्यांतील प्रमुख ॲमस्टरडॅमचे व्यापारी. अग्रभागी असलेले डिर्क व्हान ओस हे १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापक मंडळींपैकी एक होते. म्हणजे मसाल्याच्या व्यापारात गुंतलेली श्रीमंती या तळ्याच्या तळाशीही गुंतवली गेली. त्याच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष कोकणात आजही उभे आहेत. वेंगुर्ल्याच्या भिंती पाहताना हॉलंडची कुरणे आठवत नाहीत आणि हॉलंडची कुरणे पाहताना वेंगुर्ले आठवत नाही. पण दोन्ही एकाच हिशेबवहीची पाने आहेत. त्या व्यापाराच्या पोटात गुलामगिरीही होती. नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजांनी १ जुलै २०२३ रोजी तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. आमचे मार्गदर्शक हे सांगताना अडखळले नाहीत, याची आम्ही आदराने नोंद करतो. मात्र फावड्याने कालवा खणणाऱ्या मजुरांची नावे आम्हाला दिवसभरात कोणत्याही फलकावर दिसली नाहीत.

डे रैप हे लेघवाटर यांचे जन्मगाव वाटेत लागले. तेथे आम्ही जेवण केले आणि पुढे स्खेर्मरहॉर्नला गेलो. स्खेर्मर हे सरोवर १६३३ ते १६३५ या काळात ५२ चक्क्यांनी उपसले. त्यांतील अकरा आज उरल्या आहेत आणि एक संग्रहालय म्हणून पाहता येते. चक्कीवर निळी पताका फडकत होती. ती पाहून आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य क्षणभर थबकले. मग मार्गदर्शकांनी सांगितले की निळ्या पताकेचा अर्थ ‘चक्की उघडी आहे, आत या’ असा आहे. आम्हा सर्वांनाच तो अर्थ आवडला.

आत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो आवाज. बाहेरून चक्की शांत वाटते. आत मात्र संपूर्ण लाकडी डोलारा कुरकुरत असतो. चार भुजांच्या लाकडी जाळीवर कापडाची शिडे बांधलेली असतात. वारा मंद असेल तर शिड पूर्ण पसरायचे, जोराचा असेल तर गुंडाळायचे. चक्कीचे डोके फिरते असते आणि ते वाऱ्याकडे वळवावे लागते. या भागात वळविण्याची सोय डोक्याच्या आतच केलेली असते, इतर ठिकाणी ती बाहेर लांब दांड्याला असते. भुजांचा आडवा आस एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो, ते चाक उभ्या खांबाला फिरवते, आणि उभा खांब तळाशी पाणी उचलणाऱ्या यंत्राला. दाते लाकडाचे असतात आणि त्यांना मधमाश्यांचे मेण लावतात. पाणी उचलण्याचे प्रकार दोन. पहिला म्हणजे फळ्या लावलेले चाक. ते पाणी साधारण दीड मीटरच उचलू शकते. दुसरा म्हणजे आर्किमिडीजचा स्क्रू. तिरप्या पन्हळीत फिरणारे हे मळसूत्र पाणी बरेच अधिक उंच नेते. सरोवर खोल असेल तर एकट्या चक्कीचे काम नव्हे. मग तीन-चार चक्क्या पायऱ्यांसारख्या मांडतात: सर्वांत खालची पाणी उचलून दुसरीच्या पाटात टाकते, दुसरी तिसरीच्या. मधली एक थांबली तर खालच्या सर्वांचे श्रम वाया. पाणी पाटात परत भरू लागते.

चक्कीवाल्याचे कुटुंब याच चक्कीत राहत असे. झोपायला भिंतीतील कपाटासारखे कोनाडे, चूल, मुलांची गर्दी, आणि दारासमोरून सपासप फिरणाऱ्या भुजा. रात्री वारा बदलला की उठून डोके वळवायचे. आज पाणी विजेचे पंप उपसतात. एकोणिसाव्या शतकात या देशात दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या, आता हजार-बाराशे उरल्या आहेत. त्या चालत्या राहतात त्या मुख्यतः स्वयंसेवकांमुळे. हौशी चक्कीवाल्यांची संघटना १९७२ पासून प्रशिक्षण देते, परीक्षा घेते. चक्की चालविण्याच्या या कारागिरीला २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाचे स्थान दिले. आम्हाला चक्की दाखविणारे गृहस्थ असेच शिकलेले स्वयंसेवक होते. थांबलेल्या भुजांची भाषा त्यांनी आम्हाला शिकविली. भुजा गुणाकाराच्या चिन्हासारख्या तिरप्या असल्या की चक्की दीर्घ विश्रांतीत आहे. वरची भुजा शिखरावर पोहोचण्याच्या किंचित आधी थांबविली, तर घरात लग्न वा जन्म. शिखर ओलांडून किंचित पुढे थांबविली, तर मृत्यू. जुलै २०१४ मध्ये युक्रेनच्या आकाशात पाडल्या गेलेल्या विमानातील मृतांसाठी देशभरातील चक्क्या अशा शोकस्थितीत उभ्या केल्या होत्या.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो भाग. बांध एका ठिकाणी कच्चा असला तर तो सगळाच कच्चा. शेजाऱ्याच्या वाट्याच्या बांधात उंदराने बीळ केले, तर पाणी तुमच्याही घरात येते. या साध्या वस्तुस्थितीतून या देशात जिल्हा, प्रांत, राज्य यांच्याही आधी पाण्याचे कारभारी मंडळ जन्मले. डच भाषेत त्याला वाटरस्खाप म्हणतात. लायडनभोवतीच्या राइनलँड मंडळाचा उल्लेख १२५५ इतका जुना आहे. प्रत्येक जमीनधारकाकडे बांधाचा ठरावीक तुकडा असे; ठरलेल्या दिवशी मंडळाचे लोक बांधावरून चालत पाहणी करीत आणि दुरुस्ती नसेल तर दंड. ज्याला आपला तुकडा राखणे खरोखर झेपत नसे, त्याने बांधात फावडे रोवून निघून जायचे. जो ते फावडे उपटेल, त्याची जमीन आणि त्याचीच जबाबदारी. नियम कठोर आहे. पण त्यात जमीन आणि कर्तव्य वेगळे करता येत नाही.

आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग ठाऊक आहे. शाक्य आणि कोलिय एकाच नदीचे पाणी शेतीला घेत आणि ते आधी कोणी घ्यायचे यावरून रक्त सांडले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने एक सूचना मांडली होती: आपण आपल्यातील दोघे निवडू, कोलियांनी त्यांच्यातील दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली गेली आणि त्यातून पुढे गृहत्यागाचा प्रसंग ओढवला. आपण कथेतील गृहत्याग लक्षात ठेवतो आणि पाच जणांची समिती विसरतो. स्खेर्मरच्या बांधावर आम्हाला ती समिती आठवली. एका काठाचे आणि दुसऱ्या काठाचे लोक समोरासमोर बसवून पाण्याचा निवाडा करणारी, तंट्यापुरती नव्हे तर कायमची संस्था इथे आठ शतके टिकली आहे.

ती निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शतकानुशतके तिच्यात मत होते ते जमीनवाल्यांना; ज्यांचे हात मातीत होते त्यांना नव्हे. आज सर्व प्रौढ रहिवासी दर चार वर्षांनी मतदान करतात, स्वतंत्र पाणीकर भरतात. तरीही शेती आणि निसर्गक्षेत्र यांच्यासाठी थोड्या जागा निवडणुकीविना राखलेल्या आहेत आणि त्या असाव्यात की नसाव्यात, यावर तेथेही भांडण आहे. पाणी सर्वांचे आहे असे कागदावर लिहिणे आणि त्याच्या कारभारात सर्वांना स्थान देणे, यांतील अंतर काय असते, हे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर चालत गेलेल्या आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते. तळे खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव तेव्हाही होताच.

शिवाय मंडळ असले म्हणून बांध राखला जातोच, असेही नाही. १९५० च्या सुमारास देशात अडीच हजारांहून अधिक पाणी-मंडळे होती. त्यांतील कित्येक लहान आणि निर्धन. बांध बुटके आहेत, असे सरकारी अभियंता योहान व्हान वेन आधीपासून सांगत होते. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या मधल्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचे वादळ एकत्र आले. नैर्ऋत्येकडील बांध शेकडो ठिकाणी फुटले आणि १,८३६ माणसे मेली. एका ठिकाणी, लाखो लोकांची वस्ती ज्याच्या मागे होती असा बांध फुटू लागला, तेव्हा एका नावाड्याने आपले जहाजच भगदाडात आडवे घातले आणि ते तिथे बसले. त्यानंतर समुद्राच्या मुखांवर डेल्टा प्रकल्पाची धरणे आणि दारे उभी राहिली. त्यांचे काम १९९७ पर्यंत चालले. मंडळे एकत्र करीत करीत आता २१ वर आणली आहेत.

परतताना मार्गदर्शकांनी आम्हाला बेम्स्टरच्या कडेचे एक पंपगृह बाहेरून दाखविले. विटांची साधी इमारत, आत विजेची घरघर, मागे फेसाळत कालव्यात पडणारे पाणी. त्याचे छायाचित्र काढण्यासाठी कोणीच थांबत नाही, असे ते म्हणाले. आम्ही थांबलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभरातील शेकडो चक्क्या एकाच वेळी लोकांसाठी उघडतात. शक्य असेल तर तेव्हाच जावे. १७३८ ते १७४० च्या सुमारास बांधलेल्या १९ चक्क्यांची प्रसिद्ध रांग रॉटरडॅमजवळ किंडरडाइक येथे आहे. ती आमच्या वाटेवर नव्हती. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. बेम्स्टरमध्ये सायकल मिळाली तर गाडीपेक्षा बरी, कारण रस्ते सरळ आणि सपाट आहेत. फक्त वारा समोरून असेल, तर परतीच्या वेळेचा हिशेब दुप्पट धरावा. चक्कीवर निळी पताका दिसली की दार ठोठवायची गरज नाही.